जॉन न्यूटन आणि दाविदाचा प्रश्न

न्यूटन म्हटले की आपल्याला सफरचंद आठवते. हा न्यूटन तो नव्हे. हा जॉन न्यूटन. आधी खलाशी, मग गुलामांच्या जहाजाचा कप्तान आणि शेवटी धर्मोपदेशक. इंग्रजीच्या तासाला विल्यम कूपर या कवीची ओळख करून देताना सरांनी त्याच्या या मित्राचे नाव ओझरते घेतले आणि 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गाइले जाणारे गीत त्याचेच, असे सांगून ते पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकलो. गुलामांचा व्यापार करणारा माणूस आणि देवाच्या कृपेचे गीत, ही जोडी काही केल्या जुळेना.

मी ख्रिस्ती नाही. गीताचे शब्द सोपे आहेत, शब्दकोश फारसा उघडावा लागला नाही. अवघड गेले ते निराळेच. आपल्याकडे अभंगात गजेंद्र किंवा अजामेळ असा एक शब्द आला की ऐकणाऱ्यापुढे सारी कथा उभी राहते, कीर्तनकाराला ती दरवेळी सांगावी लागत नाही. तसेच या गीताचे आहे. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बायबलमधल्या कुठल्या तरी कथेची कडी वाजवतो. ग्रंथालयातले मराठी पवित्र शास्त्र घेऊन मी त्या एकेका कथेपर्यंत गेलो, आणि तिथून परत न्यूटनच्या आयुष्याकडे पाहिले. हा लेख त्या येरझाऱ्यांतून झाला आहे.

जॉनचा जन्म २४ जुलै १७२५ रोजी लंडनच्या वॅपिंग या बंदराच्या वस्तीत झाला. बाप व्यापारी जहाजावर कप्तान, वर्षातले बहुतेक दिवस समुद्रावर. आई एलिझाबेथ क्षयाने खंगलेली. तिने मुलाला लहानपणीच वाचायला शिकवले, धर्माची प्रश्नोत्तरे आणि आयझॅक वॉट्सची स्तोत्रे त्याच्याकडून पाठ करून घेतली. त्याने धर्मोपदेशक व्हावे ही तिची इच्छा होती. तो सात वर्षांचा होण्याआधीच, १७३२ साली, ती वारली. अकराव्या वर्षी बापाने त्याला जहाजावर नेले आणि आईने पाठ करून घेतलेले सारे हळूहळू पुसले गेले. निदान त्याला तसे वाटले.

पुढची काही वर्षे भराभर सांगतो. केंट परगण्यातल्या मेरी कॅटलेट नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. १७४४ साली त्याला धरून जबरदस्तीने आरमारात भरती केले. 'हार्विच' या युद्धनौकेवरून तो पळाला, पकडला गेला, सर्वांदेखत फटके खाल्ले, मिळालेला हुद्दा गेला. मग आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलाम खरेदी करणाऱ्या एका जहाजावर त्याची अदलाबदल झाली. या काळात तो देवाधर्माची इतकी टवाळी करी की मुरलेल्या खलाशांनाही ती ऐकवत नसे. स्वतः देव मानत नव्हता एवढ्याने त्याचे भागत नव्हते, दुसऱ्याचीही श्रद्धा मोडावी असा त्याचा प्रयत्न असे.

आता सिएरा लिओनजवळच्या प्लँटेन बेटांवर मात्र थांबले पाहिजे. तिथे अमोस क्लो नावाच्या एका इंग्रज गुलाम-व्यापाऱ्याकडे तो नोकरीला राहिला आणि लवकरच तापाने आडवा झाला. क्लोबरोबर एक आफ्रिकन बाई नांदत होती. त्या मुलखात तिचा दरारा होता. तिने या आजारी गोऱ्या नोकराचे हाल केले. घोटभर पाणी मिळायची मारामार. भूक इतकी की रात्री शेतात जाऊन तो कच्ची कंदमुळे उपटून खाई. पुढे मालकाचीही मर्जी फिरली आणि तो बाहेर जाताना त्याला जहाजाच्या फळीला साखळीने बांधून जाऊ लागला. अंगावर धड कपडा नाही, वरून पाऊस. याच दिवसांत तो भूमितीचे एक पुस्तक जवळ बाळगून होता आणि काठीने वाळूत आकृत्या काढून युक्लिडचे सिद्धान्त शिकला. शिक्षणाची ही भूक मला चांगली समजते.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती न्यूटनने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्या बेटावर विक्रीसाठी साखळदंडात ठेवलेले गुलाम होते. त्यांना मिळणारे अन्न ते काय असणार! त्या तुटपुंज्या अन्नातला घास काढून ते चोरून, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने, या गोऱ्या पोराला आणून देत. पकडले गेले असते तर त्यांची गत काय झाली असती हे सांगायला नको.

गीताच्या पहिल्याच कडव्यात हरवणे आणि सापडणे हे दोन शब्द आहेत. ते लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातून आले. उधळ्या पुत्राची ती प्रसिद्ध कथा. बापाची इस्टेट उडवून झाल्यावर धाकटा मुलगा परमुलखात डुकरे राखतो. दुष्काळ पडलेला असतो. डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगा खाऊन पोट भरावे असे त्याला वाटते, आणि तिथे एक छोटेसे वाक्य येते, की त्याला कोणी काही दिले नाही. न्यूटन स्वतःला हा उधळ्या पुत्र समजत होता आणि ते बरोबरच होते. फक्त त्याच्या कथेत एक फरक आहे. बायबलातल्या मुलाला कोणी काही दिले नाही. न्यूटनला दिले होते. साखळीतल्या माणसांनी दिले होते.

त्या बेटावर क्लोने त्याला लिंबाची रोपे लावायला लावले होते. एकदा क्लो तिथून जाताना कुचेष्टेने म्हणाला, की कोणी सांगावे, ही झाडे फळाला येईपर्यंत तू कप्तान होऊन येशील आणि लिंबे तोडशील. ही थट्टा पुढे अक्षरशः खरी ठरली.

त्याच्या बापाने शोध घेण्यास सांगितल्यामुळे 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाने १७४७ साली त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून उचलले. परतीच्या वाटेवर १० मार्च १७४८ च्या रात्री (आजच्या पंचांगाने २१ मार्च) अटलांटिकमध्ये वादळ झाले. त्याच्याऐवजी डेकवर गेलेला माणूस त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. जहाजाची एक बाजू फुटली. आत मेण आणि हलके लाकूड भरलेले होते म्हणून ते तरंगत राहिले. पहाटेपासून तो पंपावर होता, आणि पंप मारण्याचे त्राण संपल्यावर तो सुकाणूवर उभा राहिला. कामाच्या धांदलीत देवाच्या दयेचा शब्द त्याच्या तोंडून निघून गेला आणि त्याचे त्यालाच नवल वाटले. आपल्यासारख्याला दया कसली? सुकाणूवर उभ्या उभ्या आईने पाठ करून घेतलेले वर येऊ लागले. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायात ज्ञान हाका मारते, लोक ऐकत नाहीत, आणि मग त्यांच्यावर संकट आल्यावर ज्ञान हसते. हे आपल्यासाठीच लिहिले आहे असे त्याला वाटले. कृपेने आधी भय शिकवले आणि मग तीच भय घालवू लागली, अशा अर्थाचे जे कडवे गीतात आहे ते मला सुरुवातीला कोड्यासारखे वाटले होते. कृपा भय कसे शिकवील? सुकाणूवरच्या त्या तासांनंतर त्यात कोडे उरत नाही. सुमारे चार आठवड्यांनी जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. २१ मार्च हा दिवस तो पुढे जन्मभर पाळीत असे.

या गीताची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथे थांबतात. वादळ झाले, पापी शुद्धीवर आला, गीत झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर वाल्याचा वाल्मीकी झाला. पण वाल्या कोळ्याने घरच्यांना विचारले, पापाचे वाटेकरी कोणी होईना, तेव्हा त्याने कुऱ्हाड टाकली आणि पुन्हा उचलली नाही. न्यूटनने वादळानंतर कुऱ्हाड हातात घेतली असे म्हणावे लागते. १७४८ मध्येच तो एका गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून निघाला. १७५० साली मेरीशी लग्न झाले आणि त्याच वर्षी तो 'ड्यूक ऑफ अर्गाइल'चा कप्तान झाला. पुढे 'आफ्रिकन' नावाच्या जहाजावर आणखी दोन सफरी. बंड करतील या संशयावरून त्याने गुलामांना अंगठे चेपण्याचे स्क्रू लावले आणि तशी नोंद जहाजाच्या रोजनिशीत केली. त्या रोजनिशीत गुलामांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. कोणी मेले की क्रमांक लिहून प्रेत समुद्रात. आणि दर रविवारी हाच कप्तान खलाशांना जमवून प्रार्थना घेत असे. क्लोच्या बेटावरही तो गेला आणि आपण लावलेल्या झाडांची पहिली लिंबे त्याने तोडली. त्याला घास देणारे तोपर्यंत केव्हाच कुठे तरी विकले गेले असतील.

गीतातला दुसरा शब्द आंधळेपणाचा. तो योहानाच्या ९ व्या अध्यायातला. जन्मांध भिकाऱ्याला येशू दृष्टी देतो. शास्त्री-परूशी त्याची उलटतपासणी घेतात. मला एवढेच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. गीत हे उत्तर उचलते. पण अध्याय तिथे संपत नाही. शेवटी येशू त्या विद्वानांना सुनावतो, की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे दोष नसता, परंतु आम्हांला दिसते असे म्हणता म्हणून तुमचा दोष कायम आहे. हे वाचल्यावर मला त्या जहाजावरचा रविवार आठवला. वर डेकवर दृष्टी आलेला माणूस प्रार्थना सांगतो आहे आणि त्याच फळ्यांच्या खाली माणसे दोन-दोन करून जखडलेली आहेत. आता दिसते, असे त्याने नक्की केव्हा म्हणावे?

१७५४ च्या नोव्हेंबरात, पुढच्या सफरीची तयारी झालेली असताना, त्याला एकाएकी झटका आला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने समुद्र सुटला. धंदा पाप आहे म्हणून सुटला नाही, प्रकृतीमुळे सुटला. लिव्हरपूलच्या बंदरात सरकारी नोकरी करीत तो घरच्या घरी ग्रीक आणि हिब्रू शिकला. विद्यापीठाची पदवी नसल्याने व इतर कारणांनी त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळेना. ती १७६४ साली मिळाली आणि तो बकिंगहॅमशायरमधल्या ओल्नी या गावी गेला. गाव लेस विणणाऱ्या गरीब लोकांचे. बायकापोरे दिवसभर वाकून लेस विणीत. त्यांच्यासाठी न्यूटन प्रवचन झाल्यावर त्याच विषयावर एखादे गीत रची, सोप्या शब्दांचे, पटकन ध्यानात राहील असे. १७६७ साली कूपर गावात राहायला आला आणि तोही गीते लिहू लागला. दोघांची मिळून ३४८ गीते 'ओल्नी हिम्स' या नावाने १७७९ साली प्रसिद्ध झाली. जाता जाता एक गोष्ट आपल्या मराठी विभागासाठी. न्यूटन लंडनला निघून गेल्यावर काही वर्षांनी याच ओल्नीतल्या बाप्टिस्ट मंडळीत एक चांभारकाम करणारा तरुण सभासद झाला. त्याचे नाव विल्यम कॅरी. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरहून (बंगालमधल्या) छापून काढणारा तो हाच.

आपले गीत १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी लिहिलेले. पुस्तकात त्याचे शीर्षक श्रद्धेचे सिंहावलोकन आणि आशा अशा अर्थाचे आहे, आणि खाली बायबलमधला संदर्भ दिला आहे : १ इतिहास, अध्याय १७, ओव्या १६ व १७. गीत गाणाऱ्या लाखोंपैकी किती जण हा संदर्भ उघडून पाहत असतील कोण जाणे. सारी किल्ली तिथे आहे.

दावीद राजा गंधसरूच्या लाकडाच्या वाड्यात राहतो आहे आणि देवाच्या कराराचा कोश मात्र तंबूत आहे. त्याला खंत वाटते. देवासाठी मंदिर बांधीन म्हणतो. नाथान संदेष्टा होकार देतो, पण रात्री त्याला वेगळाच निरोप मिळतो. दाविदाने घर बांधायचे नाही. उलट देवच दाविदाचे घराणे उभे करील. मेंढरांच्या मागे फिरणाऱ्या पोराला मी मेंढवाड्यातून उचलून राजा केले, याची आठवण देव देतो. दावीद आत जाऊन देवासमोर बसतो आणि विचारतो, की मी कोण, माझे घराणे ते काय, म्हणून तू मला इथवर आणलेस? आणि एवढ्यावर न थांबता तू पुढच्या काळाचेही बोललास!

गीताचा सारा सांगाडा या दोन ओव्यांचा आहे. आधी मागचे, मग इथवर येणे, मग पुढचे. घर हा शब्दसुद्धा तिथूनच येतो. दाविदाला मेंढवाडा, न्यूटनला प्लँटेन बेट.

पण मी पुढे वाचत गेलो. १७ व्या अध्यायात देव कारण देत नाही. ते २२ व्या अध्यायात आहे. दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला, सांगतो की मी पुष्कळ रक्त सांडले म्हणून मला मंदिर बांधू दिले नाही. म्हणजे कृपा झाली, इथवर आणले, घराणे दिले, आणि तरी हाताला लागलेले रक्त मोजलेच गेले. न्यूटनच्या गीतात संकटे आहेत, जाळी आहेत, कष्ट आहेत. जहाज नाही. साखळी नाही. ज्यांचे रक्त, ते नाहीत. ज्या माणसाने बायबल इतके घोटले होते त्याने २२ वा अध्याय वाचला नव्हता असे मुळीच नाही. माझ्या मते त्याने निवडलेल्या कथेला जे ठाऊक होते ते त्याच्या गीताला १७७३ साली म्हणता आले नाही.

आणखी एका शब्दापाशी मी बराच वेळ घालवला. गीत देवाला आपली ढाल म्हणते आणि आपला वाटा म्हणते. हा वाटा ७३ व्या स्तोत्रातला आहे. देह आणि मन खचले तरी देव माझा सर्वकाळचा वाटा, असा तिथला भाव, आणि देह खचण्याचे कडवे गीतात लगेच पुढे येतेच. त्याच्याही मागे गणना या पुस्तकातली जमिनीची वाटणी आहे. सर्व वंशांना जमीन मिळते. लेव्यांना मिळत नाही. त्यांना सांगितले जाते की देवच तुमचा वाटा. आमच्या घरी सातबारा नाही. वडील सालगडी आहेत. पाडव्याला साल संपते, मागचा हिशेब होतो, उचल फिटलेली नसली की तीच पुढच्या सालात ओढली जाते. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. म्हणून वाटा या शब्दावर माझे बोट थांबले. ज्याच्याकडे काही नाही त्याला हा शब्द धीर देतो हे मला समजते. पण ज्याने दुसऱ्याचे सारे घेतले तोच हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याने हिशेबही द्यायला हवा, असे मला वाटते. वर्षाच्या पहिल्या दिवशी सिंहावलोकन करायचे तर ते पुरे करावे.

न्यूटनने तो हिशेब दिला. उशिरा दिला. १७६४ च्या आत्मकथनात आपले काम तुरुंगरक्षकासारखे वाटे एवढेच तो लिहितो. समुद्र सुटल्यापासून चौतीस वर्षांनी, १७८८ साली, लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चचा धर्मोपदेशक असताना त्याने आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका छापली. त्यात आडपडदा नाही. या धंद्यात आपला हात होता आणि आता त्या आठवणीने काळीज थरथरते हे तो सांगतो. फळीवर पुस्तके लावावीत तशी माणसे कशी खेटून ठेवली जात, बेड्यांमुळे त्यांना कूस बदलणे कसे कठीण होई, सकाळी जिवंत माणूस मेलेल्याशी जखडलेला कसा सापडे, स्त्रियांचे काय होई, हे सारे पाहणाऱ्याच्या शब्दांत आहे. सरकारच्या चौकशीपुढे त्याने साक्षही दिली. विल्बरफोर्स हा तरुण खासदार १७८५ मध्ये राजकारण सोडण्याच्या विचारात त्याच्याकडे आला होता. न्यूटनने त्याला पार्लमेंटमध्येच राहायला सांगितले होते. त्याच विल्बरफोर्सने पुढे वीस वर्षे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा दिला. कूपरनेही १७८८ मध्ये गुलामांच्या बाजूने कविता लिहिल्या.

माझ्यापुरते बोलायचे तर योहानाच्या ९ व्या अध्यायातली दृष्टी न्यूटनला या पुस्तिकेत आली. गीत आधी झाले आणि त्याचा अर्थ पंधरा वर्षांनी. काही मित्रांना हे पटले नाही. पश्चात्तापाला उशीर झाला म्हणून तो खोटा ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. तो खोटा होता असे माझेही म्हणणे नाही. परंतु त्या पंधरा वर्षांत किती जहाजे गेली असतील!

गीताचे नंतरचे आयुष्य त्याच्या हाती नव्हते. आज ज्या चालीवर ते गातात ती त्याला १८३५ साली अमेरिकेत जोडली गेली. आज शेवटी गायचे दहा हजार वर्षांचे कडवे तर न्यूटनचे नव्हेच. 'अंकल टॉम्स केबिन' या १८५२ च्या कादंबरीत गुलाम टॉम हे गीत गातो आणि त्यात ते कडवे येते. कप्तानाचे गीत तळघरातल्या माणसांनी आपले करून घेतले आणि त्यात आपली भर घातली. आणि ज्योतीराव फुल्यांनी १८७३ साली, म्हणजे ओल्नीच्या त्या प्रवचनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली.

ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये केला. न्यूटन तेव्हा हयात होता. मेरी १७९० सालीच गेली होती. त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती, आठवण दगा देत होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला. चर्चमधल्या शिलालेखाचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एकेकाळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, आणि प्रभूच्या दयेने क्षमा मिळून, जी श्रद्धा मोडायला निघालो होतो तिचाच उपदेश करण्यास नेमले गेलो, असा त्याचा आशय आहे. गुलामांचे चाकर, एवढे त्यात आहे. कप्तान हा शब्द तिथेही नाही.